उघाडी इन्फोटेक

वकिलांनी विचारलं, उघाडी इन्फोटेक कुठे आहे.
मी म्हटलं, घणसोलीत. आमच्या ऑफिसच्या पार्किंगखाली.
मागे कुणीतरी हसलं.
जज्जसाहेबांनी चष्मा काढला. म्हणजे?

म्हणजे साहेब,
टिपणीस सरांना मार्चच्या आत अकरा गिऱ्हाइकं हवी होती
आणि बाजारात मिळाली होती चार.
रात्री साडेनऊला ते माझ्या टेबलापाशी आले,
मशीनची कॉफी स्वतःच्या हाताने ठेवली,
म्हणाले, वैजयंता, सात नावं सुचव.
इथलीच वाटतील अशी.

मला इथली नावं माहीत होती ती एवढीच.
उघाडी, जिची फळी बाबा
उधाणाच्या रात्री कंदील घेऊन पाडायला जायचा,
खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून.
ती झाली इन्फोटेक.
मोठी खार झाली सोल्युशन्स.
आत्याचं खाजण, काळूचा बांध, निवटीचा कोपरा,
सगळ्यांना मी लिमिटेड लावलं, पत्ते दिले,
शिक्के करून आणले ठाण्याहून, गोखले रोडवरून.
सातबाऱ्यावरून गेलेली शेतं
लेजरला चढली.

सर खोटं लिहा असं कधी म्हणाले नाहीत.
म्हणायचे, हे पैसे येणारच आहेत,
आपण फक्त आधी लिहितोय.
आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या टिपण्याचं काम, म्हणायचे,
आणि माझी वेलांटी दुरुस्त करायचे.
ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं त्यांना खपत नसे.

दर तिमाहीला साडेबारा टक्के वाढ.
हा आकडा कुणी ठरवला, असं उलटतपासणीत विचारलं.
मी नाही ठरवला.
सरांनाही ठाऊक नसावं, की आमच्या आळीत
नुसतं साडेबारा म्हटलं तरी
म्हातारे अजून प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढतात.

त्या वर्षी मोठ्या खारीने
नऊ कोटींचं सॉफ्टवेअर घेतलं.
घरी जेवताना मी बाबाला गंमत म्हणून सांगितलं,
आपली खार नऊ कोटींची पिकली.
तो चावायचा थांबला.
आन् भात, म्हणाला. भात कवरा?

पुढे त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं, वाशीला.
बिल सरांनी भरलं. मागितलंही नव्हतं मी.
दोन लाख सत्तावन्न हजार नऊशे.
ती पावती मी कोर्टात दिली नाही.
कुणी मागितली नाही,
आणि ती खरी होती.

मला माफीचा साक्षीदार म्हणतात.
आळीत बायका विचारतात, माफी कशाची गो?
मी म्हणते, कायद्यातला शब्द आहे.

शिक्षेच्या दिवशी सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.
घड्याळ नव्हतं, मनगटावर त्याचा फिकट पट्टा होता.
जज्जसाहेब निकाल वाचत होते, एकेक कंपनी,
आणि टाइप करणाऱ्याने चूक केली असणार,
ते वाचून गेले, उगाडी इन्फोटेक.

पिंजऱ्यातून सर हळूच म्हणाले,
उघाडी. घ, घराचा.

जज्जसाहेब थांबले. पेनाने दुरुस्त केलं.
मग सात वर्षं.

गाडी तळोज्याकडे गेली.
तिथल्या तुरुंगाखाली कुणाचं शेत होतं, काय म्हणायचे त्याला,
मला माहीत नाही. विचारावं कुणाला, तेही नाही.

आमच्या मजल्यावर आता दुसरी कंपनी आहे, दाताच्या विम्याची.
अमावास्येच्या उधाणाला पार्किंगच्या गटारांतून
पाणी वर येतं, खारट, गुडघ्याच्या खाली.
पोरंपोरी बूट हातात घेऊन गाड्यांकडे जातात.
वॉचमन विटा मांडतो,
दरवेळी त्याच जागी, एक कमी पडते.
परवा त्याने मला विचारलं,
मॅडम, हे पाणी येतं तरी कुठून?
मी त्याला फळीची जागा दाखवली.
दोन नंबरचा खांब, निळी गाडी उभी असते तिथे.