बेचकं

विद म्हणायचा, लाकूड म्हणजे ट्रकवर चढतं ते.
बाकी कचरा.
एकतीस वर्षं त्याने मांजिमपच्या गिरणीत
कॅरीचे ओंडके करवतीखाली ढकलले,
एकेक इतका जाड की पलीकडचा माणूस दिसायचा नाही.
घरी यायचा तेव्हा कानात अजून पातं फिरत असायचं,
आणि माझ्या टेबलावरच्या चमच्याकडे बघून विचारायचा,
"हा किती टनांचा?"

मी उत्तर द्यायची नाही. पटाशीला धार लावायची.

माझं लाकूड मी वाकून उचलते.
वादळाने मरीची फांदी रस्त्यावर आडवी केली
की कौन्सिलची माणसं यायच्या आत पोचते.
झोर्काने नवं कुंपण घातलं तेव्हा
जॅराचे जुने खांब जाळायला काढले होते,
वरून राखेसारखे करडे, वाळवीनेही नाद सोडलेला.
वाकसाचा एक घाव घातला
आणि आत कलेजीचा रंग.
साठ वर्षं मातीत उभं राहून
आत एवढं लाल!
झोर्का म्हणाली, ने बाई, पण मला एक लाटणं दे.

शीओक हट्टी. सुरूच्या कुळातलं.
त्याच्या आत जाळी विणलेली असते,
एका बाजूने कापलं तर दिसते, दुसऱ्या बाजूने गुडूप.
लोण्याच्या एका सुरीसाठी मी तीन तुकडे चुलीत घातले.
मोडेन पण वाकणार नाही म्हणणारं लाकूड.
ठीक आहे, मीही वाकवत नाही,
ते आधीच जिथे वाकलंय तिथेच सुरी शोधते.

बेचकं मिळालं की मात्र
फारसं काही करायचं नसतं.
झाडाने काम उरकलेलं असतं.
खोडाचे धागे आणि फांदीचे धागे
सांध्यात एकमेकांत असे गुंतलेले
की कोट कितीही ओला असो, तिथून तुटत नाही.
साल ठेवते. पाठ सपाट करते. दोन भोकं, दोन स्क्रू.
खुंटी.

दोन वर्षांपूर्वी विदच्या नजरेच्या मधोमध
एक डाग आला.
कडेचं दिसतं, समोरचं नाही.
दार दिसतं, मूठ नाही. मी दिसते, चेहरा नाही.
पर्थच्या डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं.
विदला ते चित्र दिसलं नाही.

त्यानंतर त्याने चहात मीठ घातलं. दोनदा.
तिसऱ्यांदा कप भिंतीवर.
मी काही बोलले नाही. शेडमध्ये गेले.

मिठाचा चमचा जॅराचा, जड, आखूड, अंगठ्याला खाच.
चहापत्तीचा शीओकचा, पातळ,
दांड्याला एक वळण, माझं नव्हे, फांदीचं.
आणि साखरेचा जाम-वॅटलचा.
कापताना त्याला रासबेरीच्या मुरंब्याचा वास येतो,
म्हणून लोकांनी झाडाचं नावच तसं ठेवलं.
तेल लावलं नाही. वास राहू दे.

सांगितलं नाही. बरण्यांत ठेवून दिले.

सकाळी पलंगावरून ऐकलं:
झाकण. मग काहीच नाही. नाकाने घेतलेला लांब श्वास.
मग टेबलाच्या कडेवर टक, पुन्हा टक,
गिरणीत ओंडक्यावर हातोडी मारून
आतली पोकळी ऐकायचा तसं.
"जाम," म्हणाला.
"वाळायला अजून महिना हवा होता."

हवाच होता. मला घाई झाली होती.

आता वादळानंतर तोही येतो.
बुटाने चाचपतो, उचलतो, वाजवतो,
दहातल्या नऊ फेकून देतो. कचरा.
परवा एक बेचकं घेऊन आला, पेपरमिंटचं.
कोन फार उघडा,
यावर टोपीसुद्धा ठरायची नाही. मी म्हटलं तसं.
"लाव," म्हणाला. "दाराजवळ. जरा खाली."

लावलंय.
टोपी पडते.
तो वाकतो, चाचपतो, उचलतो,
पुन्हा अडकवतो.