आरशाबाहेर

एफिंगहॅमला दोन हायवे काही मैल एकत्र नांदतात,
मग न भांडता वेगळे होतात.
तिथल्या ट्रकतळावर, डिझेलच्या वासात,
लोर्ना प्रुइट म्हणाली, चढ वर.
तीन पायऱ्या. गुडघ्यांनी आपलं वय सांगितलं.

ओळख एवढीच, की औषधांच्या दुकानात
तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी मोजून देते,
आणि मागच्या मंगळवारी सहज बोलून गेले:
लेक गाडी शिकतेय, आणि ट्रक दिसला
की माझाच पाय ब्रेक शोधतो.

तर आता मी लोर्नाच्या सीटवर
आणि खाली केतकी, लाल जॅकेट,
हातात अर्धा खाल्लेला डोनट.
"उजव्या दारापासून मागे चालत जा म्हणावं."
लेक निघाली.
आरशात जॅकेट. जॅकेट. बाही.
मग नुसतं डांबर, त्यावर तेलाचा डाग,
आणि लांब मक्याचं कापलेलं शेत.

काच खाली होती, तिचा खोकला ऐकू येत होता.
मी मान वाकडी केली, अर्धवट उठले.
गर्दीत जिला नुसत्या पाठीवरून ओळखते
ती दहा फुटांवर होती,
आणि नव्हती.

दृष्टीआड सृष्टी, असं आपण किती
निवांतपणे म्हणतो.

"माझे आरसे तुला दिसत नसतील
तर मला तू दिसत नाहीस," लोर्ना म्हणाली.
"आणि पुढ्यात घुसलीस तर थांबायला मला
फुटबॉलची दोन मैदानं लागतात गं.
मागे वीस टन कुत्र्यांचं खाणं असतं."
आवाजात धाक नव्हता.
एकच गोष्ट फार वर्षं सांगितली
की तिला जी गुळगुळीत झीज येते, ती होती.
मग, रस्त्याकडे बघत:
"एक पांढरी गाडी होती. जाऊ दे."
मी जाऊ दिलं.

परतताना चाक केतकीच्या हाती.
पुढे एक लांबलचक ट्रक, पाणी उडवत.
ती मागे राहिली, बरीच मागे,
त्याच्या आरशात एक टोपी, एक दाढी सापडेपर्यंत.
"दिसला," ती म्हणाली. मग डावीकडून, न रेंगाळता, पुढे;
आणि तो अख्खा, दोन्ही दिव्यांसकट,
आमच्या आरशात मावला, तेव्हाच आत वळली.
मागून दिवे एकदा मिचकावले.

माझा पाय जागेवरच होता.
जवळजवळ.