मधल्या तीन ओळी

आमचा डोंगर पाटीच्या दगडाचा.
शाळेत ज्यावर आम्ही तिघांनी गिरवलं तोच दगड,
इथे उभ्या उतारावर फुटून पडलेला.
दुपारभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत
वेलींचे पाय शेकत राहतो.
खाली मोझेल,
वळण घेऊन गावाकडे पाठ केलेली.

वडील गेले तेव्हा वाटणी झाली नाही.
झालं ते एवढंच, की दगडी क्रूसाच्या वरचा भाग
गेर्लिंडने मागून घेतला.
म्हणाली, माझ्या वेलींना औषध नको.
खालचा रुपर्टकडे राहिला, टाकीसह, पंपासह,
आणि त्या वहीसह, जिच्यात चाळीस वर्षांची
प्रत्येक फवारणी तारखेनिशी आहे.
मला तळघर मिळालं.
कुणी दिलं नाही, मी आधीच तिथे होतो.

वर गवत गुडघ्याएवढं, वाटाण्याची फुलं, मधमाश्या.
खाली ओळी अशा, की जणू कुणी ओल्या केसांत भांग पाडलाय.
रुपर्ट म्हणतो, ती तण पिकवते.
गेर्लिंड म्हणते, त्याच्या मातीला टक्कल पडलंय.
जेवायला दोघं एकाच टेबलाशी,
मीठ हवं असेल तर मला मागतात.

मध्ये तीन ओळी आहेत.
खालचा वारा वर जाताना जे नेतो
ते कुठेतरी पडायला हवं, म्हणून.
त्यांची द्राक्षं गेर्लिंडला चालत नाहीत,
आणि बहिणीने नाकारलेलं रुपर्ट घेत नाही.

एका जूनमध्ये एकवीस दिवस धड उघडलं नाही.
केवडा आला.
पानावर आधी तेलाचा डाग, मग पालथ्या बाजूला पांढरी लव.
गेर्लिंडला मोरचूद चालतं, पण मोजून,
ग्रॅम न् ग्रॅम लिहून. रुपर्ट त्यावर हसायचा,
विष ते विषच, म्हणायचा, तुझं फक्त जुनं आहे.
पण उतार इतका ओला, की तिचं यंत्र वर चढेना.

चौथ्या रात्री पाऊस दोन तास थांबला.
तळघराच्या झरोक्यातून मला डोंगरावर
दोन दिवे दिसले, कपाळाला बांधलेले.
एक या टोकाकडून, एक त्या,
ओळीच्या मधोमध भेटायचे
आणि न थांबता पुढच्या ओळीत शिरायचे.

सकाळी रुपर्टच्या मानेवर
निळा ओघळ वाळलेला होता.
त्याने वहीत काही लिहिलं नाही.
मी पाहिली.

तरी तिचे निम्मे घड गेले.
त्याचे भरले. तो त्यावर काही बोलला नाही,
काढणीच्या दिवशी क्रेट मात्र तिचेच आधी उतरवले.

मधल्या ओळींचा रस मी सगळ्यांत शेवटी काढतो,
वडिलांच्या लहान पिंपात. त्याला लेबल नाही.
तपासणीच्या बाई दरवर्षी विचारतात, हे कोणतं?
मी म्हणतो, घरचं.
त्या फॉर्मवर बराच वेळ चौकोन शोधतात.

थंडी पडली की ते उघडतो.
गेर्लिंड हुंगते. म्हणते, याला त्याच्या पावडरीचा वास.
रुपर्ट म्हणतो, गवत, नुसतं गवत.
आणि दोघं पेले पुढे करतात.

पिंप लहान आहे.
मार्चपर्यंत पुरत नाही.