लॉट नंबर २१४

सनीव्हेलला रुळांपलीकडे आमचं गोदाम.
लॉइड पेटिटच्या बापाच्या काळी तिथे जर्दाळू वाळत,
आता बुडालेल्या कंपन्यांचं सामान येतं.
मी कारकून. प्रत्येक खुर्ची उलटी करायची,
बुडाला चिठ्ठी चिकटवायची,
त्यावर काळ्या मार्करने नंबर.
पहिल्याच दिवशी हात सवयीने देवनागरीत गेला.
लॉइड म्हणाला, हे काय लिहिलंस?
म्हटलं, आकडाच आहे, खाली तुमचाही लिहिते.

दोन हजार एकचा मार्च.
चाव्या घरपोच देणारी कंपनी आली लिलावाला.
चावी हरवली की इंटरनेटवर कळवा,
चाळीस मिनिटांत दुसरी दारात.
दर चावीमागे सव्वीस डॉलरचा तोटा,
आणि जितक्या जास्त चाव्या
तितकी कंपनीची किंमत मोठी.
मी वही दोनदा तपासली. बेरीज बरोबर होती.
बाजारात तुरी, म्हणाली असती माझी आई.
इथे त्याला दुसरी फेरी म्हणत,
आणि त्या फेरीत तीन कोटी मिळाले होते.

आम्ही पोचलो तेव्हा घरमालकाने कुलूप बदललेलं.
ग्रेडन विल्कॉक्स, वय सत्तावीस, मुख्य कार्यकारी अधिकारी,
फूटपाथवर उभा. हातात पाण्याची बाटली.
आत एक झाड आहे, म्हणाला, तीन दिवस झाले.

दोनशे चौदा खुर्च्या. जाळीच्या पाठीच्या, एकेक सातशेची.
निम्म्यांवर प्लॅस्टिक तसंच,
बसणारी माणसं अजून नेमायची होती.

पैसे घालणाऱ्यांपैकी लिलावाला कुणी आलं नाही.
का यावं? दहांत एक झाड फळलं तरी त्यांचं भागतं,
उरलेली नऊ त्यांनी लावतानाच सोडलेली असतात.
लॉइड म्हणे, बाप सांगायचा,
सगळ्या वाडीत एकदम पीक आलं की भाव जातो.
मग शिंकायचा. गोदामात धूळ फार.

शेवटची खुर्ची ग्रेडनची स्वतःची.
त्याने बोली लावली: नव्वद.
फ्रीमाँटचा एक दातांचा डॉक्टर म्हणाला, पंच्याण्णव.
ग्रेडनने खिसा चाचपला.
हातोडा पडेपर्यंत तो चाचपतच होता.
पाच डॉलर माझ्या पर्समध्ये होते.
ते होते हे मला आजही आठवतं.

मी कुठे शहाणी होते म्हणा.
नवऱ्याच्या कंपनीचे ऑप्शन्स, कागदावर चार लाख,
त्यांच्या भरवशावर क्युपर्टिनोत घर बघून आलो होतो.
पडद्यांची मापं घेतली मी, टेप दातांत धरून.
बैठकीची खिडकी: बहात्तर बाय अठ्ठेचाळीस.
डायरी हरवली, माप पाठ आहे.

मागच्या हिवाळ्यात सांता क्लाराहून ट्रक आला.
माणूस केव्हा उदास होणार
ते त्याच्या आवाजावरून आधीच सांगणारी कंपनी.
मालकीण ऑड्रा लिंडक्विस्ट, सव्वीसची,
बरोबर स्वतः आली होती, यादीवर टिक करत.
खुर्च्या आम्ही जुन्याच घेतल्या, म्हणाली,
काटकसर दिसली की बोर्डाला बरं वाटायचं.

मी एक उलटी केली.
पिवळी पडलेली चिठ्ठी, एक कोपरा सुटलेला.
२१४.
दोनाची शेपटी लांब ओढलेली,
तेव्हा माझा हात कापत नसे.

काय आहे, तिने विचारलं.
जुना नंबर, म्हटलं.
तिने मान हलवली आणि फोन उचलला.
पलीकडच्याला सांगत होती,
पुढच्या कल्पनेबद्दल भेटायचंय, मंगळवारी चालेल.
आवाज छान होता. उदास अजिबात नव्हता.

जुनी चिठ्ठी मी काढली नाही.
शेजारी नवी लावली: ३१.
मग खुर्ची सरळ केली आणि बसून पाहिलं,
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
उजवा हात जरा सैल. चाकं ठीक.
यादीत तसंच लिहिलं:
वापरलेली, चालू स्थितीत.