आपोआप

सत्राच्या पहिल्या रविवारी मी एक क्रियापद काढून घेते.
‘समजणे’ लिहायचं नाही, म्हणते,
समजलेलं दिसत नाही.
शिकणारा मोजेल, उचलेल, वेगळं करेल, बांधेल,
असं काहीतरी लिहा जे मला कोपरखैरण्यात बसून तपासता येईल.

एम.ए. दूरशिक्षण, दुसरं वर्ष.
एकवीस चौकटी, त्यातल्या सतरा काळ्या.
मुनाफ तुर्भ्याच्या गोदामात फोर्कलिफ्ट शिकवतो,
त्याचं उद्दिष्ट चोख:
‘चालक काटे जमिनीपासून वीतभर ठेवून वळेल.’
दिवाळे गावातून प्रज्वला तांडेलचा पाठ आला:
फाटलेलं जाळं सांधणे.
सात पायऱ्या. चित्र एकही नाही.
खाली टीप, आत्याला विचारून लिहिलंय.

पाठ तपासायचा तर तो करून बघायचा, हा माझा जुना हट्ट.
रात्री जेवणाच्या खुर्चीला पार्सलची सुतळी बांधली,
आइस्क्रीमच्या काडीची सुई केली,
घराचं माप घ्यायला पट्टी म्हणून
मुदत संपलेलं कॉलेजचं ओळखपत्र.
पाचव्या पायरीपर्यंत बरी चालले.
सहावी होती: ‘मग हात आपोआप वळतो.’

माझा वळला नाही.
बारा चाळीसला लाल अक्षरांत लिहिलं,
‘आपोआप’ ही पायरी नव्हे.
पाठवलं, आणि सुतळी तशीच खुर्चीला लोंबत राहिली.
सकाळी मुलानं तिला टॉवेल अडकवला.

तीन दिवस काही नाही.
गुरुवारी आलं चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण.
मागे भांडी, कुणीतरी खोकतंय,
मग आत्या: ‘बाय, तुजा आंगठा कं हाय?’

आणि गप्प.

मला वाटलं रेंज गेली.
मग लक्षात आलं, ती थांबलीय.
मी फोनला सांगितलं, फासाच्या वर.
‘त्यो खाली घे,’ आत्या म्हणाली,
जणू ऐकलं तिनं.
दर वाक्यामागे तिनं जागा सोडली होती,
माझ्या चुकण्याएवढी.
आयुष्यात तिनं माणूस समोर बसवूनच शिकवलं असणार.
मग मी नसताना मला कुठे बसवलं तिनं?

विरामावर माझी एक स्लाइड आहे. बावीसावी.
वेळ संपत येतो, मी ती पळवते.

सहाव्या पायरीच्या अकरा झाल्या.
खुर्चीवर एक घर उभं राहिलं, तिरपं,
ज्यातून बोंबील सहकुटुंब निसटला असता.
फोटो पाठवला. प्रज्वलानं उद्दिष्ट बदलून धाडलं:
‘मॅडम एक गाठ मारतील.’
मी काही दुरुस्त केलं नाही.

काल वर्गात प्रश्न विचारला,
सगळ्यांचे आवाज सुरू करायला लावले,
आणि उत्तर स्वतःच द्यायचं टाळलं.
एकवीस घरांतले पंखे ऐकू आले.
एक कुकर. मुनाफकडे मागे जाणाऱ्या गाडीचं टूं टूं.
मी अंगठा हातातल्या पेनावर घट्ट धरून ठेवला.
दिवाळ्याच्या चौकटीतून, लांबून, हळूच,
‘गेली का काय तुजी बाय?’