घरातच

वडगावच्या आमच्या गल्लीत कुणीच हळू बोलत नाही.
शाळेतून बाईंनी दोनदा लिहून पाठवलं:
हर्षला ओरडून बोलते.
त्यांना कसं सांगू, पणजीपासून आलंय हे,
नाकासारखं.
मीठ मागायचं तरी चार मागांच्या वरून.

बेळगावच्या सिव्हिलमध्ये आज
आईला काचेच्या खोलीत बसवलं.
आवाज आला की बटण दाबायचं.
आवाज सोडलाच नव्हता अजून,
तरी आई दाबत राहिली,
खटक्, खटक्,
धोट्याच्या ठेक्यावर.

फॉर्म भरणाऱ्या पोरीनं विचारलं, "केलसा एन्री?"
आई म्हणाली, "काय नाही वो, घरातच असतोय."

कांड्या भरताना
तिच्या पायाच्या अंगठ्याला
माझ्या पाळण्याची दोरी असायची.
रात्री गेलेली वीज पहाटे चारला आली
की माग सुरू, मग चूल.
मी बँकेत बसते.
माझी मान आखडली तर रजा मिळते,
औषधाचे पैसेसुद्धा.

रिक्षात आईनं विचारलं, "काय लिवलं तिनं?"
"गृहिणी."
ऐकू गेलं नाही.
पुन्हा सांगितलं, ओरडून.
सिग्नलला थांबलेली अख्खी बस
वळून बघायला लागली.