स्वाधीन

मी ख्रानोये, ओस्त्रेश गडाचा लेखनिक.
हनुवटीवर केस फुटायच्या आधी
ग्रुबेतिच घराण्याचं पहिलं दानपत्र लिहिलं.
धनी प्रिबिल खिडकीशी उभे, हातात अर्धं सफरचंद.
चावता चावता म्हणाले, लिही:
"प्रिबिल, देवाच्या कृपेने
ओस्त्रेशचा आणि खालच्या दोन गिरण्यांचा
स्वाधीन धनी."
मी 'स्वाधीन' जरा मोठ्या अक्षरात काढला.
शाई ओकाच्या गाठींची, कातडं त्याच वसंतातल्या कोकराचं.

मग ते जूनमध्ये दक्षिणेला गेले
आणि परत आला घोडा,
तोही दुसऱ्याचा.

देसाबाईंनी रडणं उरकलं की नाही, ठाऊक नाही.
सुलतानाचा माणूस आला तेव्हा त्या तराजू घेऊन बसल्या होत्या.
लग्नातली पेयपात्रं, कमरपट्टा, देवळातली एक समई,
सगळं स्वतःच्या हाताने पारड्यात टाकलं.
मला म्हणाल्या, चांदी जाऊ दे, ख्रानोये,
चांदी डोंगरातून पुन्हा निघते.
मुलगा निघत नाही.
पुढच्या पानावर, त्याच करारात,
पंचवीस भाले लिहिले होते
आणि त्यांच्या पुढे चालणारा मुलगा.
ते पान मीच वाचून दाखवलं.

त्या रात्री जुन्या दानपत्राची नक्कल करायची होती,
नव्या काळाला शोभेल अशी.
मी चाकू काढला. कातडं खरवडलं की पांढरं होतं,
पण दिवा तिरपा धरला की खालचं अक्षर
बरं झालेल्या जखमेसारखं दिसतं.
बराच वेळ चाकू हातात धरून बसलो.
मग लक्षात आलं, शब्द काढायची गरजच नाही.
फक्त त्याच्या शेजारचे हलवायचे.
"ओस्त्रेश, सुलतानाच्या स्वाधीन."
तोच शब्द. तेवढीच शाई.
मला हसू आलं, आणि मग त्या हसण्याची भीती वाटली.

मुलगा, राशको, डॅन्यूबपलीकडे लढून आला.
उजव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिली.
तो हिवाळाभर देवळाच्या ओसरीत उभा राहायचा,
आत यायचा नाही, बर्फ खांद्यावर साचू द्यायचा.
एकदाच बोलला:
पहाटे पलीकडचे स्तोत्र म्हणत होते.
आम्हाला पुढची ओळ कुठे चढते ते माहीत होतं.
आमच्यातल्या कुणीतरी ओठ हलवले.
मग नगारा झाला.

नवे शब्द आले. खराज. दफ्तर. शिपाई.
आधी दातात वाळू अडकावी तसे,
नंतर मीठ लागावं तसे.
एदिर्नेहून कारकून आला, अक्रोडाखाली सतरंजी टाकून बसला,
मधाच्या पोळ्या मोजल्या, गिरण्या मोजल्या,
विधवांपाशी आला तेव्हा लेखणी थांबवून
सावलीत पाणी मागितलं.
तो उजवीकडून लिहायचा, मी डावीकडून;
एकाच कागदावर लिहायला बसलो असतो
तर मध्यावर आमच्या बोटांची टक्कर झाली असती.
जाताना त्याने मला बोरूची लेखणी दिली.
मी त्याला हंसाचं पीस.
ती चांगली लेखणी होती. अजून वापरतो.

आता नातू धनी आहे, व्लादोये.
अंगात बुरसाचं रेशीम, नावावर सरकारी जहागीर,
तरी कुलसंताच्या दिवशी पाव तोच फोडतो
आणि त्यावर वाइन ओततो, आजोबांसारखी, जरा जास्तच.
या वर्षी पाहुणे गेल्यावर म्हणाला,
आजोबांचं ते जुनं कातडं काढ, वाच.
माझे डोळे गेलेत, पण ते पाठ आहे.
प्रिबिल, देवाच्या कृपेने... गिरण्यांपर्यंत आलो
आणि थांबलो.
त्याने वाकून पुढचं अक्षर बोटाने चाचपलं.
'स्वाधीन,' तो खूश होऊन म्हणाला,
'हा तर आमच्या कागदातही आहे की!'

आहे, मी म्हणालो.
तोपर्यंत बाहेर कुणीतरी कुत्र्यांना हाडं टाकत होतं.